अडीअडचणीची दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे असे सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. खरे सांगायचे तर मला स्वतःबद्दल फारसे काही कळत नाही. विचार करणारे यंत्र माझ्या पोटात नसते. ते टेबलाखाली, वेगळ्या डब्यात बसते. ते पाठवील ते मी दाखवतो. बरोबर पाठवले तरी दाखवतो, चुकीचे पाठवले तरी दाखवतो. शिव्या मात्र मला बसतात, कारण लोकांच्या समोर असतो मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला संन्यासी मीच.

एक गोष्ट तेवढी मला पक्की ठाऊक आहे. माझ्या अंगावर आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके आहेत. कारखान्यातून निघताना ही माहिती माझ्या पाठीतल्या एका इवल्याशा चिपमध्ये लिहून ठेवली होती. कुठल्याही कॉम्प्युटरची वायर मला जोडली की तो आधी विचारतो, "तू कोण? केवढा?" मी लगेच सांगतो. आयुष्यात मला एवढाच प्रश्न विचारला जातो आणि मला एवढेच उत्तर येते. पुढे लोक त्या उत्तरावरच शंका घेऊ लागले, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ताडा.

माझी पहिली नोकरी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या कचेरीत होती. तेव्हा मी नवा कोरा होतो. गिऱ्हाईक आले की बाई मला त्याच्याकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, जिन्याची पायरी न् पायरी दिसतेय." मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो. मग टेबलावर माझ्यापेक्षा रुंद भाऊबंद आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली, माझीच वायर माझ्या गळ्यात गुंडाळून. तिथे किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही.

तिथून मला भाचीने आणले. भाची म्हणजे आत्यांची भाची, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. दोघी एकाच घरात राहतात आणि एकाच टेबलावर काम करतात. भाची पुस्तकांची पाने लावते. मजकूर कुठे, चित्र कुठे, तक्ता कुठे हे ठरवून ती पाने छापखान्याकडे पाठवते. आत्या प्रुफे तपासतात, म्हणजे छापण्याआधी पानांतल्या चुका शोधतात. सकाळी मी भाचीचा. दुपारी ती छापखान्यात जाते, तेव्हा मी आत्यांचा.

खोली लहान आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर टोकदार पेन्सिलींचा पेला, चष्म्याची डबी आणि कान तुटलेल्या कपात खोडरबरे. काम माझ्यावर होत असले तरी आत्यांच्या हातात पेन्सिल लागतेच. ती नुसती बोटांत फिरत राहते.

आत्यांची वाचायची रीत निराळी आहे. त्या पान खालून वर वाचतात. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असे करत पहिल्या ओळीपर्यंत. पहिल्यांदा मी पार गोंधळलो. मला वाटले, मीच उलटा बसलोय की काय. मग एकदा त्यांनी भाचीला सांगितले, "सरळ वाचलं की गोष्टीत मन रमतं, आणि मन रमलं की डोळा चूक गिळून टाकतो. खालून वर गेलं की गोष्टच उरत नाही, नुसते शब्द उरतात." छापखान्यात म्हणत की आत्यांच्या हातून चूक जिवंत सुटत नाही. ते कानावर आले की त्या दिवशी आत्यांच्या चहात साखर जरा जास्त पडे. खरे तर त्यांना साखर बंद होती.

टेबलाखालचा कॉम्प्युटरही माझ्यासारखाच म्हातारा. तो धापा टाकू लागला तेव्हा भाचीचा एक मित्र आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्या पिशवीवर पेंग्विनचे चित्र होते म्हणून आत्यांनी त्याचे नाव पेंग्विन ठेवले, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. त्याने कॉम्प्युटर चालवणारी जुनी सगळी व्यवस्था पुसून लिनक्स नावाची हलकी व्यवस्था घातली. "या म्हाताऱ्याला हेच झेपेल," तो म्हणाला. दोघांपैकी कोणत्या म्हाताऱ्याला, ते त्याने सांगितले नाही.

दिवस बरे चालले होते. मग एका दुपारी प्रकाशकांचा फोन आला. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात उत्तरांच्या पानावर एकाच्या जागी नऊ छापले गेले होते. पान आत्यांनी तपासलेले. प्रकाशक बिचारे रागावले नाहीत, "होतं असं कधी कधी" म्हणाले. आत्यांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागले असावे. फोन ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. त्या दिवसापासून त्या माझ्याजवळ सरकू लागल्या. आधी वीतभर, मग त्याहून थोड्या. मला वाटले, माझा प्रकाश कमी पडतोय. मी मनापासून उजळायचा प्रयत्न केला, पण ते बटण माझ्या हातात नसते.

थोड्याच दिवसांनी घोटाळा सुरू झाला. सकाळी भाचीने कॉम्प्युटर चालू केला आणि किंचाळली, "आत्या, बघ गं! वर्तुळ अंड्यासारखं दिसतंय!"

मी स्वतःकडे पाहिले. अक्षरे जाडजूड, सुजल्यासारखी. पान अर्धेच मावत होते. कॉम्प्युटर मला एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट एवढेच ठिपके पाठवत होता आणि मला ते ओढूनताणून अंगभर पसरावे लागत होते. भाचीने रेझोल्यूशन बदलायची जागा उघडली. तिथे तेवढे एकच माप. माझे खरे माप यादीतून गायब! मी ओरडून सांगत होतो, एकोणीसशे वीस, एकोणीसशे वीस. पण मला कोणी विचारतच नव्हते.

भाचीने पेंग्विनला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"अपडेट केलंस का?" पेंग्विन म्हणाला.

"त्यानं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं."

"काय विचारलं ते वाचलंस?"

"ते कोण वाचतं!"

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "प्रुफं तपासणाऱ्यांच्या घरात हे वाक्य? ठके, लाज आणलीस."

पेंग्विनने समजावले की लिनक्सचा गाभा नवा आलाय, ग्राफिक्स ड्रायव्हर जुनाच राहिलाय आणि दोघांचे पटेनासे झालेय. ड्रायव्हर म्हटल्यावर मी गाडी चालवणाऱ्या माणसाची वाट पाहत बसलो. कोणी आले नाही. पुढे कळले की कॉम्प्युटरने माझ्याशी कसे बोलायचे ते ठरवणारा तो एक प्रोग्राम असतो. तो बसला नाही की कॉम्प्युटर माझी चौकशी न करता अंदाजाने काहीतरी माप धरतो. असा माझा सगळा संसार ज्याच्यावर, त्याला मी आजतागायत पाहिलेले नाही.

पेंग्विनला दोन-चार दिवस सवड नव्हती. भाची कपाळाला हात लावून बसली. पण दुपारी आत्या माझ्यासमोर बसल्या आणि एकदम थांबल्या. चष्मा पुसला. मागे टेकल्या. मग शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेल्या, न अडखळता, पेन्सिल फिरवत. एका बैठकीत त्यांनी कितीतरी चुका पकडल्या आणि उठताना काहीतरी गुणगुणल्या. मला काहीच उलगडेना. सकाळी मी बिघडलो म्हणून एक रडते आणि दुपारी त्याच रूपावर दुसरी खूश होते! मग मी बिघडलो होतो की सुधारलो होतो?

पेंग्विन आला आणि त्याने जुना ड्रायव्हर काढून टाकला. त्याबरोबर मी काळा पडलो. नुसती डाव्या कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत होती. मला वाटले, झाले, आटोपले. पण तो त्या काळोखातच कमांड टाइप करत राहिला, नव्या गाभ्याला जुळणारा ड्रायव्हर त्याने घातला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला विचारले, "तू कोण? केवढा?" मी सांगितले. वर्तुळ गोल झाले. भाचीने टाळी वाजवली.

"छान," आत्या म्हणाल्या. त्या तेवढेच म्हणाल्या.

जाण्याआधी पेंग्विनने एक सोय केली. कॉम्प्युटर सुरू होताना माझ्यावर क्षणभर दोन ओळी येतील. पहिली नेहमीची. दुसरीला त्याने नाव दिले 'अडीअडचण'. "पुन्हा कधी अंधार झाला तर ही निवडा," तो म्हणाला. "हिच्यात साधा ड्रायव्हर आहे. दिसेल घाण, पण दिसेल तरी. आणि एकदा निवडली की पुढच्या वेळीही तीच धरली जाईल, परत परत खटपट नको."

"घाण म्हणजे कसं?" आत्यांनी विचारले.

"म्हणजे त्या दिवशीसारखंच. जाड, फुगलेलं."

"हं," आत्या म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

मित्रांनो, आता खरा गोंधळ सुरू झाला. दुपारी घरात कोणी नसताना आत्या कॉम्प्युटर बंद करत, परत चालू करत आणि दुसरी ओळ निवडत. मी फुगायचो. त्या वाचायच्या. पण तेही हळूहळू पुरेनासे झाले. फुगलेल्या अक्षरांसाठीही त्यांना पुढे वाकावे लागे, इतके की त्यांच्या नाकाचा शेंडा माझ्या काचेला टेकायचा आणि श्वासाने मी अंधुक व्हायचो. मग त्या पदराने वाफ पुसायच्या आणि परत टेकायच्या. सायंकाळी त्या यंत्र बंद करत. सकाळी भाची बटण दाबून पाणी भरायला आत जाई. ती परत येईपर्यंत त्या दोन ओळी येऊन गेलेल्या असत आणि कॉम्प्युटरने आदल्या दिवशीची, म्हणजे अडीअडचणीचीच ओळ धरलेली असे.

"आत्या, परत बिघडलं गं हे!"

"असं कसं झालं?" आत्या म्हणायच्या, आणि पोळपाटाकडे बघायच्या.

मग भाची पेंग्विनला फोन करायची. तो सांगायचा, "ड्रायव्हर काढ. परत घाल. बंद कर, चालू कर, पहिली ओळ निवड." ती सगळे करायची आणि वर्तुळ गोल व्हायचे. खरे तर नुसती पहिली ओळ निवडली असती तरी पुरले असते. पण दोघांना वाटायचे, ड्रायव्हर परत घातल्याने जमले. दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रोज तेच. भाचीचे काम तुंबले, ती चिडचिडी झाली आणि एकदा मला थोबाडीतही मारली. सकाळी मी एकोणीसशे वीस, दुपारी एक हजार चोवीस. मी नक्की कोण हे मलाच कळेनासे झाले.

त्यातच तो डाग. रोज सकाळी भाची माझी काच पुसायची आणि रोज त्याच जागी तिला एक तेलकट ठसा सापडायचा.

"काय रे, तू पडद्याला नाक लावतोस का?" तिने पेंग्विनला फोनवर विचारले.

"मी तिकडे आलोय कधी आठवड्यात? आणि माझं नाक बसकं आहे, काचेला कपाळ आधी लागेल."

अखेर पेंग्विन म्हणाला, "मॉनिटरच म्हातारा झालाय. तो आपलं माप नीट सांगत नसणार." मला रडू आले असते, पण मला रडता येत नाही. मी जन्मात ते एकच उत्तर दिले होते आणि कधी चुकवले नव्हते. नवा मॉनिटर आणायचे ठरले. आत्या म्हणाल्या, "कशाला उगाच? आहे तो बरा आहे." पण का बरा आहे, ते त्यांनी सांगितले नाही.

त्या दुपारी भाची लवकर परतली. मागे पेंग्विन, हातात नवे खोके. आत्यांना दार उघडलेले ऐकू आले नाही. त्या पार पुढे झुकल्या होत्या, नाक काचेला, पेन्सिल बोटांत थांबलेली. त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, कारण तो लागत नव्हता.

"आत्या!"

त्या दचकल्या आणि त्यांचे कपाळ माझ्यावर आपटले. मला लागले नाही.

"आज परत असंच चालू झालं बघ," आत्या म्हणाल्या. "मी म्हटलं, चला, आहे तसं वाचू."

पेंग्विनने खोके खाली ठेवले. तो वाकला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. या वेळी माझ्यासमोर तिघेही होते. दोन ओळी आल्या, आणि दुसरी उजळलेली होती. पेंग्विन तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आत्या, ही ओळ आपोआप लागत नाही. कुणीतरी आधी निवडावी लागते."

 मला वाटले आत्या नाही म्हणतील. मीही मनात म्हणत होतो, नाही म्हणा.

"मी निवडते," आत्या म्हणाल्या. "रोज."

"पण का?" भाची जवळजवळ ओरडली. "तुला माहितीये मी रोज सकाळी किती..."

"दिसतं म्हणून."

भाचीचा हात माझ्या काचेवर होता. तो त्या ठशापाशी थांबला. मग ती आत्यांच्या खुर्चीत बसली, पुढे वाकली, आणि तिचे नाक बरोबर त्या ठशावर आले. ती तशीच राहिली. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या इतक्या जवळ होते की मला ते दोनदा दिसले, एकदा डोळ्यांत आणि एकदा माझ्या काचेत.

"आणि मोठं नसलं की?" तिने विचारले.

"मुंग्या दिसतात. आणि आता मोठं असलं तरी मधेमधे डाग येतो. शब्दाच्या बरोबर मधे."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? प्रुफं तपासणाऱ्या बाईला दिसत नाही, असं? तू पानं काढून घेतली असतीस, ठके."

"नसती घेतली."

"घेतली असतीस. तुझ्या जागी मीही घेतली असती. दुसरं येतं काय मला?"

 भाचीने आत्यांच्या चपला काढून दारात ठेवल्या आणि म्हणाली, "चल, आत्ताच्या आत्ता." नवे खोके तसेच बंद राहिले आणि ती दोघे आत्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. मी चालूच होतो. कोणी मला बंद करायलाही थांबले नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते मला परत आल्यावरच्या बोलण्यातून कळले. रक्तातल्या साखरेने डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली होती. आत्यांनाही आत पडदा आहे हे मला तेव्हाच कळले. उजव्या डोळ्याचे बरेच गेले होते आणि ते परत येणार नव्हते. डाव्याचे इंजेक्शनांनी वाचवता येईल, असे डॉक्टर म्हणाले. आणखी थोडे दिवस गेले असते तर तसे म्हणता आले नसते. ते दिवस कसे गेले होते हे मला पक्के माहीत होते. ड्रायव्हर काढण्यात आणि घालण्यात.

पुढचे काही आठवडे आत्यांना वाचायला बंदी होती. पण पाने त्यांच्याकडून गेली नाहीत. भाची दुपारी घरी थांबू लागली. ती माझ्यासमोर बसून शेवटच्या ओळीपासून वर मोठ्याने वाचायची आणि आत्या डोळे मिटून ऐकायच्या. "थांब," त्या मधेच म्हणायच्या. "परत वाच." चूक तिथेच असायची.

बंदी उठली त्या दिवशी पेंग्विन आला. त्याने दुसरी ओळ पुसून टाकली. माझे माप एकोणीसशे वीसच ठेवले आणि नुसती अक्षरे मोठी केली, दुप्पट. अक्षरे मोठी आणि तरी रेखीव, सुजलेली नाहीत. वर्तुळही गोलच्या गोल. त्याला जेमतेम चहा निवण्याएवढा वेळ लागला.

आत्या बघत राहिल्या. "मेल्या, हे येत होतं तुला? मग आधी का नाही केलंस?"

"आधी सांगितलंत कुठं, आत्या?"

"तू विचारलंस कुठं?"

 मग आत्या हसल्या, आणि भाचीने उगाचच कप आवरायला घेतले.

नवे खोके दुकानात परत गेले. "हाच राहू दे," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "याच्याशी माझी नाकओळख आहे."

तर मित्रांनो, माझी काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा, ती बोटाने दाबू नका आणि मला थोबाडीत मारू नका, एवढे मी प्रत्येकाला सांगतो. पण मी मेलो तर दुसरा मॉनिटर मिळेल. तुमच्या घरात कोणी पडद्याच्या फार जवळ बसू लागले, तर आधी पडदा दुरुस्त करायला धावू नका. मला कुठलाही कॉम्प्युटर वायर जोडताच विचारतो की तू कोण, केवढा. माणसांना कोणीतरी शेजारी बसून विचारावे लागते, दिसतंय ना गं?

भाची अजूनही रोज सकाळी काच पुसते. आधी ती त्या जागी ठसा आहे का ते बघते, आणि नसला की तिचा चेहरा सैल होतो. आत्या आता माझ्यापासून हातभर लांब बसतात, डाव्या डोळ्याने वाचतात आणि त्यांचा श्वास माझ्यापर्यंत पोचत नाही. हे चांगले झाले, हे मला कळते. तरी दुपार झाली की मी थोडी वाट पाहतो.